एका फुलाला एक बादली

आमच्या इंदिरानगरच्या गार्डन क्लबच्या आहेरकाकू फुलचोराला पोलिसात देत नाहीत, बागेतल्या झाडांसाठी पाणी भरायला लावतात. एका फुलाला एक बादली, हा त्यांचा कायदा. तो कोणी मंजूर केला, हे विचारायची सोय नाही.

आता मला सांगा, सकाळी पिशवी घेऊन दुसऱ्याच्या झाडावरची फुलं देवासाठी तोडणं हा काय गुन्हा आहे? सगळं नाशिक तेच करतं. पण काकू तगरीआड दबा धरून बसलेल्या. "देवाला चोरीचा माल चालतो का, भाऊ?" एवढं विचारून बादली हातात ठेवतात. फुलं झाडावर राहिली तर फुलपाखरं येतात, पाखरं येतात, असं त्यांचं म्हणणं. येत असतील. पण सांगायची काही रीत? मूळच्या कळवणच्या, घरी एकट्याच राहतात. ह्या तोंडापुढे दुसरं कोण टिकणार?

बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला, म्हणजे मला, त्यांनी पाच जास्वंदींपायी पाच बादल्या वाहायला लावल्या. वर म्हणाल्या, "ही अर्धी सांडली. नाय धरायची." सहावी वाहिली तेव्हा कंबर धरली. फिरायला आलेले शेजारी उभं राहून बघत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्लबच्या बैठकीत मी तावातावाने बोललो. पाणी वाहिलेले आणखीही बरेच निघाले. ठराव झाला. बागेला जाळी, फाटकाला कुलूप, झाडांना ठिबकच्या नळ्या, किल्ली काकूंकडे. ना चोरी, ना शिक्षा. फुलं वाचली म्हणून काकूंनी खरं तर पेढे वाटायला हवे होते. त्या किल्ली घेऊन चालत्या झाल्या. मला वाटलं, जिरली.

महिन्याभराने सकाळीच बेल वाजली. दारात काकू, हातात जास्वंदी. स्वतः तोडलेल्या. मी उखडलोच. "आम्ही तोडली की चोरी, काकू, आणि तुम्ही तोडली की?"

त्या भांडल्या नाहीत. फुलं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "फाटक उघडं ठेवलंय. उद्या या की तोडायला."

"का? नळ्या चालत नाहीत? झाडं सुकली?"

"झाडं लय झकास हायेत," काकू म्हणाल्या. मग पदराने उगाचच हात पुसत राहिल्या. "पण दिवसभर तोंड उघडायला माणूस नाय, भाऊ. नळीशी काय भांडायचं?"