खांबेट्यांचा अतिरिक्त कार्यभार

खुर्ची रिकामी राहू नये, हे राज्यकारभाराचं पहिलं तत्त्व आहे. अधिकारी बदलून गेला की त्याचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या टेबलावर सरकवतात आणि देश चालू राहतो. दिल्लीच्या मयूर विहारमधली कृष्णाकाठ सोसायटी केंद्र सरकारी नोकरीतल्या मराठी माणसांची. त्यामुळे हिदायत मुजावरांची हैदराबादला बदली झाली तेव्हा तिथे कोणी गांगरलं नाही.

मुजावर हे सोसायटीतले एकमेव मुसलमान. (मंजूर पदसंख्या: एक.) त्यांच्या जोरावर कृष्णाकाठने एका संस्थेची 'सद्भावना ढाल' दरवर्षी जिंकली होती. आता परीक्षक रविवारी यायचे होते आणि मुजावर शुक्रवारी निघाले होते.

सेक्रेटरी श्यामकांत गोडबोल्यांनी बैठक बोलावली. नवा मुसलमान भाडेकरू आणावा, यावर संपूर्ण एकमत झालं. त्याच्या शेजारचा, वरचा किंवा खालचा फ्लॅट आपला नसावा, एवढीच प्रत्येकाची माफक अपेक्षा होती. अशी जागा शोधली असता फक्त वॉचमनची केबिन निघाली, आणि तिथे वॉचमन होता.

तेव्हा कार्यभार विलास खांबेट्यांकडे सोपवायचं ठरलं. विलासराव एका मंत्रालयात अवर सचिव. आयुष्यात त्यांनी कोणत्याही फायलीला नाही म्हटलेलं नव्हतं. (हो-ही म्हटलेलं नव्हतं.) शिवाय त्यांना दाढी होती.

"अहो, मी कोकणस्थ आहे," विलासराव म्हणाले.

"फक्त रविवारपुरतं," श्यामकांत म्हणाले. "आणि सेक्युलर देशात कोण काय आहे याला महत्त्व नसतं, विलासराव."

विलासराव चार्ज घ्यायला मुजावरांकडे गेले.

मुजावरांनी सामान बांधता बांधता रीतसर चार्ज दिला.

"पंधरा ऑगस्टला एक शेर म्हणायचा. मी मिरजेचा, मला कुठली उर्दू येतेय? फोनमध्ये बघून म्हणतो. ईदला शिरखुर्मा वाटायचा. काही डबे न उघडताच परत येतात, मनाला लावून घ्यायचं नाही. क्रिकेटची मॅच असली की पहिली टाळी आपली. आणि कुठे काही झालं की निषेध करायचा."

"कशाचा?"

"जे झालं असेल त्याचा. पण चहाच्या आधी. उशीर झाला की लोक खाली लॉबीत वाट बघत उभे राहतात."

मुजावर हे हसत सांगत होते, म्हणून विलासरावही हसले.

रविवारी परीक्षक बाईंनी विचारलं, "यहाँ आपको कैसा लगता है?"

"बिल्कुल घर जैसा," विलासराव म्हणाले. ते त्यांचं घरच होतं, त्यामुळे वाक्यात सच्चेपणा आला. बाईंनी डोळे टिपले. ढाल कृष्णाकाठकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात फोटो आला. खाली नाव होतं: 'मुस्लिम निवासी श्री वि. खान बेटे'.

वर्षानुवर्षं ओळखणारे लोकसुद्धा विचारात पडले. छापून आलेलं खोटं कसं म्हणायचं? विलासराव लिफ्टमध्ये शिरले की गप्पा हवामानावर येऊ लागल्या. वॉचमन त्यांच्या पाहुण्यांना दोनदा नाव विचारू लागला. होळीला विलासरावांच्या पत्नी अलकनंदाबाईंनी पुरणपोळी पुढे केली तर श्यामकांतांच्या कुमुदिनीबाई म्हणाल्या, "डब्यात द्या ना, घरी नेऊन खाते." (डबा बाहेरून धुऊन परत आला. आतली पोळी तशीच होती.) क्लबहाउसात मॅच बघताना भारताची विकेट पडली की सगळ्या माना टीव्हीकडून विलासरावांकडे वळायच्या. चेहरा कसा ठेवावा हे कळेना, म्हणून ते आरशासमोर सराव करू लागले.

मग एका सकाळी दूर कुठेतरी काहीतरी झालं. बातमी ऐकताच विलासराव पायजम्यावरच खाली उतरले. लॉबीत तिघे उभे होते.

"मी तीव्र निषेध करतो," विलासराव म्हणाले.

तिघांनी समाधानाने माना हलवल्या आणि ते पार्किंगकडे गेले. विलासराव वर आले. अलकनंदाबाईंनी चहा पुढे ठेवला, तर तो तसाच ठेवून ते पुन्हा घराबाहेर पडले.

"मला कार्यमुक्त करा," त्यांनी त्याच दिवशी श्यामकांतांना सांगितलं.

"नियमित माणूस रुजू झाल्याशिवाय कसं करणार?" श्यामकांत म्हणाले. नियमात बसणारं होतं, त्यामुळे विलासरावांना ते पटलंही.

पण नशीब फळफळलं. विलासरावांच्या समोरचा फ्लॅट रिकामा होता. त्याचे मालक अविनाश जोगळेकर यांचा पुण्याहून फोन आला.

"भाडेकरू मिळालेत. काझी म्हणून डॉक्टर नवरा-बायको आहेत, रत्नागिरीचे. अगदी सज्जन. तुमचं दार समोरच, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. तुमची हरकत नसेल तर आजच किल्ली देतो."

सुटका समोर उभी होती. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. अलकनंदाबाई कान देऊन ऐकत होत्या. विलासरावांनी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"छे छे, माझी कसली हरकत," ते म्हणाले. "पण..."

पुढचं वाक्य इथे देत नाही. वाचकांना ते पाठ असतं. ज्यांना तसं वाटत नसेल त्यांनी खाली उतरून आपल्या इमारतीतल्या नावांच्या पाट्या एकदा वाचून याव्यात.