रूबेन हॅडोचा रिकामा रकाना

माणूस दुःखातून घडतो याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते एवढंच, की ते दुःख स्वतःचंच असावं लागतं की वेळप्रसंगी बाहेरून मागवलेलं चालतं. मेलबर्नच्या ग्लेनहोम या, चेंडू हातातही धरतात त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबने या प्रश्नाचा गेली सात वर्षं तळमळीने अभ्यास केला आहे. (या सात वर्षांत अठरा संघांच्या स्पर्धेत क्लब चौदाव्या क्रमांकाच्या वर आलेला नाही. पण माणूस अभ्यासाला बसला की बाकीच्या गोष्टींकडे थोडं दुर्लक्ष व्हायचंच.)

या अभ्यासातून क्लबचा 'मूल्ये व संस्कृती विभाग' उभा राहिला. त्यात नऊ माणसं काम करतात. चेंडूला पाय कसा लावावा हे शिकवायला एक माणूस आहे, तो मंगळवारी येतो. विभागाचे प्रमुख क्रेग व्हिटल हे पूर्वी घरोघरी पोहण्याचे तलाव विकत असत आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी कसं आणावं याची त्यांना तेव्हापासून उत्तम जाण होती.

नोव्हेंबरात दरवर्षीप्रमाणे देशभरच्या अठरा वर्षांच्या पोरांची नावं टीव्हीवर पुकारली गेली आणि क्लबांनी पाळीपाळीने आपापली पोरं उचलली. एकतिसावं नाव रूबेन हॅडो याचं होतं. रूबेन गिप्सलँडमधल्या टिंबरू गावच्या गोठेवाल्याचा मुलगा. ग्लेनहोमने त्याच्यावर बारा पानी अहवाल तयार केला होता. 'दोन्ही पायांनी पंचावन्न मीटरवरून अचूक गोल मारतो' हे वाक्य पहिल्या पानाच्या तळाशी होतं आणि उरलेली अकरा पानं त्याच्या स्वभावावर होती. 'तू स्वयंपाकघरातली वस्तू असतास तर कोणती असतास?' या प्रश्नाला त्याने 'किटली' असं उत्तर दिल्याची त्यात नोंद होती. त्यावर तीन तज्ज्ञांचे तीन वेगवेगळे शेरे होते.

टिंबरूला त्या दिवशी इतका आरडाओरडा झाला, की हॅडोंच्या दोन गाईंनी संध्याकाळी दूध दिलं नाही. सगळ्यात जास्त ओरडली ती रूबेनची आजी, बेव्ह. ती दहा वर्षं कुरणात पाइपांच्या गोलखांबांमागे उभी राहून नातवाचे चेंडू आणून देत होती. खुब्याचं हाड बदललं तेव्हा कुठे ती थांबली, तीही सहा आठवडेच. तिला आयुष्यात आता एकच बघायचं होतं. सामन्याच्या आधी संघ कागदाचा तो भला मोठा पडदा फाडून मैदानात धावत येतो ना, त्या पडद्यातून आपला रूबेन बाहेर आलेला तिला बघायचा होता.

"तेवढं दाखव रे बाबा," तो निघताना ती म्हणाली. "पुढं हरलास तरी चालेल."

"दाखवतो की आजी," रूबेन म्हणाला. त्यात अवघड काय असणार असं त्याला वाटलं. पोरगं अगदीच भाबडं.

क्लबमध्ये पहिल्या दिवशी त्याला एक्केचाळीस क्रमांकाचा बिनबाह्यांचा शर्ट, पाण्याची बाटली आणि 'हॅड्सो' हे नाव मिळालं. एका बाईंनी चिमटा घेऊन त्याच्या पोटावरची चरबी मोजली. मग त्याच्या हातात एक फॉर्म पडला. त्यात तीन रकाने होते: आदर्श, आघात, आनंद. नवीन पोराने पुऱ्या संघासमोर उभं राहून आपल्या आयुष्यातला एक आदर्श माणूस, एक आघात आणि एक आनंदाचा क्षण मन मोकळं करून सांगायचा, अशी ही सुंदर प्रथा. क्लबमध्ये तिला 'तीन आ' म्हणतात. तिचा पाया परिपत्रक सात, कलम चार (ब) मध्ये आहे: 'ज्या खेळाडूचा आघात मान्य झालेला नाही, त्याचा संघनिवडीसाठी विचार होणार नाही, कारण जो आतून मोडलेला नाही तो संघाशी जोडला जात नाही.' हे वाक्य जिममध्ये आरशावर लिहिलं आहे, त्यामुळे वजनं उचलणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी त्रेचाळीस धिप्पाड पुरुष उशा घेऊन गोल करून बसले. पहिला उभा राहिला टाय मॅकेना. त्याच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला होता, आणि तोही दोनदा, एकमेकांशीच. सभागृह हेलावलं. विभागाकडून पाचापैकी पाच तारे. मग हार्वी लँगटन-प्राइस उठला. याच्या शाळेला वल्हवायच्या बोटी ठेवायला नदीकाठी स्वतःची इमारत होती, आणि दहावीत त्याला उपकर्णधार केलं नव्हतं. "त्या रात्री डॅड मला म्हणाले, पुढच्या वर्षी बघू," एवढं बोलून हार्वीने उशीत तोंड खुपसलं. चार तारे आणि एकोणीस मिठ्या. (मिठ्यांची नोंद विभाग ठेवतो. गोलांची नोंद वर्तमानपत्रात येते, ती पुन्हा ठेवण्यात अर्थ नाही.)

मग रूबेन उभा राहिला.

"आदर्श म्हणजे माझी आजी," तो म्हणाला. "आनंद म्हणजे... काल सरावात डाव्या पायाने एक किक लागली, ती. मस्त लागली."

"आणि आघात?" क्रेगने मान तिरकी करून मऊ आवाजात विचारलं.

"तसं काही नाही."

कोणीतरी उशी घट्ट धरली.

"घाई नाही, दोस्ता. इथे कोणी परका नाही. आईबाबा?"

"आहेत की. मजेत आहेत."

"दुष्काळ वगैरे?"

"आमच्याकडे पाऊस बरा असतो."

"कुत्रा होता ना तुझा?"

"बिस्किट? आहे अजून. चौदा वर्षांचा झाला."

"चौदा!" क्रेगच्या डोळ्यांत आशा चमकली. "तब्येत?"

"एकदम ठणठणीत. परवाच पोस्टमनला चावला."

हात मोडला होता का, असंही विचारून झालं. मोडला होता. पण त्या वेळी आजीने पंधरा दिवस रोज आइसक्रीम दिलं होतं, त्यामुळे तो आनंदाच्या रकान्यात जातो असा रूबेनचा प्रामाणिक समज होता. शून्य तारे. क्लबच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. अहवालात 'मुलगा नकाराच्या अवस्थेत आहे' असं लिहिण्यात आलं आणि त्याला तीन आठवड्यांची मुदत देण्यात आली.

रूबेनने घरी फोन लावला. हॅडो मंडळी चहाला बसली होती.

"म्हणजे तुला काहीतरी वाईट झालेलं पाहिजे?" वडील ग्लेन यांनी विचारलं. "एवढंच ना? मी जातो पंधरा दिवस वेगळा राहायला. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये."

"जा ना, खुशाल जा," आई लीआन मागून म्हणाली. "जेवायला येशीलच सहा वाजता."

"येणार. मटण आहे ना आज?"

"मग ते वेगळं राहणं कसलं रे डोंबलाचं!"

आजीने फोन ओढून घेतला. "मी मरू का? मला काय त्याचं. पण मार्च संपल्यावर. तोवर हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या आमच्या बोल्सच्या स्पर्धा आहेत, आणि यंदा टीम चांगली आहे."

"आजी, काहीतरी बोलू नकोस गं."

"मग सांग त्यांना, पोराला दुःख नाही, पाय आहेत. दोन आहेत! वापरा म्हणावं!"

रूबेनने हा निरोप कोच टेरी गफ यांना शब्दशः दिला. टेरी हे विचारी गृहस्थ. त्यांनी त्याला खांद्यावर हात ठेवून समजावलं.

"तुझ्या किकमध्ये काडीची खोट नाही, पोरा. पण ती कुठून येते, हेच आम्हाला कळत नाही."

"मांडीतून येते, कोच. थोडी कमरेतून."

हे उत्तर उद्धटपणा म्हणून नोंदवण्यात आलं.

आता क्लब इतका निर्दय नव्हता, की एका गरजू पोराला तसाच वाऱ्यावर सोडेल. विभागाने खास त्याच्यासाठी डोंगरात तीन दिवसांचं शिबिर घेतलं. एका मुलामागे सहा तज्ज्ञ होते. त्याला पहाटे पाचला उठवलं (घरी गाई चारला उठवतात, त्यामुळे तीन दिवस झोप छान झाली असं तो सगळ्यांना सांगत सुटला). बर्फासारख्या गार ओढ्यात उभं केलं. एक ओंडका खांद्यावर देऊन टेकडी चढायला लावली. वर पोहोचल्यावर "आता तुला काय वाटतंय?" असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "लाकूड चांगलं आहे हो. कुंपणाला चालेल." परत येताना त्याने तो ओंडका बसच्या टपावर बांधला. सहांपैकी दोन तज्ज्ञांनी रजा टाकली. एकाला खरोखरच सर्दी झाली होती.

मुदत संपली. रकाना रिकामाच राहिला. कोणी म्हणेल, पोराने एखादं खोटं दुःख ठोकून द्यायचं. रूबेनलाही हे सुचलं होतं. तो एकदा आरशासमोर "माझा कुत्रा वारला" असं म्हणूनही बघत होता, पण पुढे त्याला एकदम बिस्किटचं तोंड आठवलं आणि त्याने जीभ चावली. टाय मॅकेनाने त्याला आपला दुसरा घटस्फोट द्यायची तयारी दाखवली. "एक घे ना भावा, मला एक पुरे," तो म्हणाला. त्या इमारतीत तेवढाच काय तो माणुसकीचा प्रसंग झाला, आणि त्याची नोंद कोणीच ठेवली नाही.

मार्चमध्ये पहिला सामना आला. टिंबरूने बस केली होती. ज्यांना दूध काढायचं होतं त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि हरलेले गावात राहिले. रूबेनने बापाला कळवलं होतं की यायला नको, आपलं नाव संघात नाही. पण ग्लेनला वाटलं, कोणाचा तरी पाय ऐनवेळी मुरगळेल. आजी बेव्ह एक्केचाळीस आकडा विणलेला मफलर घालून पहिल्या रांगेत बसली, अगदी पडद्यासमोर.

पडदा फाटला. त्यातून बावीस जण आले, तेविसावा आला, आणि मग कागदाचे तुकडे गोळा करणारी माणसं आली. आजी त्यांच्याकडेही नीट बघत होती.

सामन्याचं काय सांगावं? शेवटच्या मिनिटाला ग्लेनहोम तीन गुणांनी मागे. चेंडू हार्वी लँगटन-प्राइसच्या हातात, खांब समोर तीस मीटरवर. मधून गेला की सहा गुण, बाजूने गेला तर एक. हार्वीने डोळे मिटले, आपला उपकर्णधारपदाचा आघात आठवला आणि बाजूने मारला. दोन गुणांनी हार. हार्वी मैदानावर रडला आणि त्याला मिठीत घ्यायला बेचाळीस जण धावले. त्या दिवशीची अधिकृत आकडेवारी अशी: गोल सात, मिठ्या एकशे सहा. मिठ्यांच्या बाबतीत तो स्पर्धेतला उच्चांक होता. मिठ्या मोजायचं काम, हातात पॅड देऊन, रूबेनलाच लावलं होतं.

काम संपवून तो गावच्या माणसांकडे गेला. आजीने मफलर काढून घडी घातली.

"तू कुठून आलास रे?" तिने विचारलं. "मी पडद्याकडंच बघत होते. मला वाटलं, माझीच नजर चुकली."

आणि रूबेन हॅडो, वय अठरा, उंची एकशे एक्क्याण्णव सेंटिमीटर, तिथे पायरीवर बसून ढसाढसा रडला.

क्रेग व्हिटल दोन-दोन पायऱ्या गाळत धावत आले. "आला! आघात आला!" ते ओरडले, आणि त्यांनी खिशातून फॉर्म काढला. सोमवारी रूबेन उशांच्या गोलात उभा राहिला. "माझा आघात म्हणजे तुम्ही," एवढं एकच वाक्य तो बोलला. सगळा क्लब उभा राहून टाळ्या वाजवत होता. टेरी गफ यांनी चष्मा पुसला. पाच तारे. त्या भाषणाची चित्रफीत आता दर नोव्हेंबरला नव्या पोरांना दाखवतात, आणि ती बघून कोणाचा डोळा कोरडा राहिला तर त्याचं नाव लिहून घेतात.

रूबेन मात्र खेळला नाही. कलम चार (क) प्रमाणे ज्याचा आघात ताजा आहे त्याला तो भरून येईपर्यंत मैदानावर सोडता येत नाही. दर महिन्याला विभाग त्याचा आघात तपासायचा आणि क्लबमध्ये राहून तो काही केल्या भरत नव्हता. दुसऱ्या ऑक्टोबरात क्लबने त्याला मानाने मुक्त केलं. निरोपाच्या वेळी अठ्ठावीस मिठ्या झाल्या.

सध्या तो टिंबरूकडून खेळतो. तिथे कागदाचा पडदा नसतो. पोरं शेडच्या दारातून येतात. मैदानाभोवती गाड्या लावून लोक आत बसतात आणि गोल झाला की भोंगे वाजवतात. गेल्या शनिवारी त्याने अकरा मारले. आजीच्या गाडीची बॅटरी उतरली. आजीचं पडद्याचं राहिलं ते राहिलंच. ती आता ते बोलून दाखवत नाही, आणि तेवढं सोडलं तर घर पूर्वीसारखंच मजेत आहे.

वाचकहो, आता तुमच्यापुरतं बोलू. मघाशी चौदा वर्षांच्या कुत्र्याचा विषय निघाला तेव्हा तुम्ही मनात काय धरलंत? आजी पहिल्या रांगेत येऊन बसली तेव्हा तुम्ही हळूच रुमाल चाचपलात की नाही? बिस्किट जिवंत आहे. आजीही जिवंत आहे, आणि तिच्या टीमने बोल्सची स्पर्धा जिंकली. तुमचा विरस झाला असेल तर समजू शकतो. ग्लेनहोमच्या मूल्ये व संस्कृती विभागात दहावी जागा निघाली आहे. अनुभवाची अट नाही. दुसऱ्याचं दुःख आवडीने ऐकण्याची सवय असली की पुरे, आणि ती तुम्हाला आहे हे इथवर वाचून तुम्ही दाखवलंच आहे.