मंजूर चढ

सायकल शर्यतीच्या मार्ग-समितीने चौथ्या टप्प्याची प्रत्यक्ष पाहणी केली ती शेवटाकडून सुरुवातीकडे. समितीचं कार्यालय टप्पा संपतो त्या शहरात होतं आणि समितीचं जेवण टप्पा सुरू होतो त्या गावात. आधी जेवायला गेलं असतं तर येताना पाहणी योग्य दिशेने झाली असती हे खरं. पण एकदा जेवल्यावर पाहणी कोण करणार?

शहर मागे पडल्यावर घाट लागला. गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि इंजिन कण्हू लागलं. पुढच्या सीटवरून अध्यक्षांनी काच न उघडताच मजकूर सांगितला, "लिहा. तीव्र चढ. सायकलींचा वेग अत्यल्प. धोका नाही." मागे नकाशांच्या गुंडाळ्यांत चेपून बसलेले मार्गप्रमुख तेव्हा पेंगत होते. जेवणानंतर त्यांनी अहवालावर सही केली. त्यांना सगळं कार्यालय मामा म्हणे, कारण त्यांची सख्खी भाची याच शर्यतीत उतरणार होती आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कोणाला ऐकवल्याशिवाय राहत नसत.

शर्यतीच्या आधी भाचीने त्या रस्त्यावर सराव केला आणि मामांना फोन लावला.

"मामा, तुझ्या त्या चढावर मला ब्रेक लावावे लागले."

"चढावर ब्रेक? काहीतरीच काय!"

"अरे, चढ कुठला? आम्ही वरून येणार. सरळ खाली. तळाशी पुलाजवळ रस्ता कोपरासारखा दुमडलाय आणि समोर दगडी भिंत आहे. मी एकटी होते म्हणून वाचले. सगळ्या जणी एकदम आलो तर?"

मामांना आधी आठवली ती ताई. भाचीची आई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिने आधीच बजावलं होतं, "पोरीच्या हाडाला धक्का लागला, तर माझी पायरी चढू नकोस." आणि ताई बोलून दाखवी ते करूनही दाखवी.

ते तडक अध्यक्षांकडे गेले.

"साहेब, चौथ्या टप्प्यातला चढ हा उतार आहे."

अध्यक्षांनी शांतपणे चष्मा पुसला. "अहवालावर सह्या कोणाच्या आहेत?"

"तुमची. आणि… माझी."

"मग? सही केलीत तेव्हा चढच होता ना?"

"पण तेव्हा आपण उलट दिशेने जात होतो!"

"मामा, समिती कधी उलट दिशेने जात नसते. शर्यत उलट येत असेल."

तरी अध्यक्ष माणूस समजूतदार. मंजूर चढाचा उतार करायचा तर उपसमिती नेमावी लागेल आणि ती शर्यत संपल्यावर लगेच नेमता येईल, असं त्यांनी आश्वासन दिलं.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना एक सोय असते, शेळ्यांचं ओरडणं वर ऐकू येत नाही. एकदा चढ ठरल्यावर पुढची सगळी कामं नियमाने होत गेली. चढावर वेग नसतो, म्हणून कठडे रद्द झाले. कठडे नाहीत, म्हणून प्रेक्षकांना रस्त्याला खेटून उभं राहायची मुभा मिळाली. चढावर दम लागतो, तेव्हा पाण्याच्या बाटल्या हाती देणारे स्वयंसेवक तिथेच हवेत. ते घाटाच्या मध्यावर नेमले गेले. आणि चढ म्हटला की माथा आलाच. अहवालातला चढ शर्यतीच्या दिशेने जिथे संपत होता तिथे, म्हणजे पार तळाशी, भिंतीच्या जेमतेम अलीकडे, 'घाटमाथा' अशी कमान उभी राहिली. ती सर्वांत आधी ओलांडणारीला डोंगरराणीचा किताब मिळणार होता.

मामांनी निदान भिंतीला गाद्या लावा म्हणून विनवलं. चढावर गाद्या लावल्या तर लोक हसतील, असं उत्तर आलं.

सुरक्षा समिती मात्र झोपलेली नव्हती. उंच मोज्यांनी वारा कापला जाऊन वेग वाढतो, असं तज्ज्ञांचं मत पडल्यामुळे तिने सर्व सायकलपटूंचे मोजे पट्टीने मोजले. भाचीचे मोजे बोटभर उंच निघाले. स्वतःचा जीव धोक्यात घातल्याबद्दल तिला ताकीद मिळाली.

मग प्रक्षेपणवाल्या बाई जागा बघायला आल्या. त्यांनी अहवाल वाचलेला नव्हता, त्यामुळे त्यांना उतार लगेच दिसला. त्यांनी सगळे चांगले कॅमेरे भिंतीपाशी लावायला सांगितले.

"बाई, तुम्हाला उतार दिसतोय ना?" मामांनी आशेने विचारलं.

"दिसतोय म्हणून तर," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मामांनी भाचीपुढे अक्षरशः हात जोडले. "बाळा, तू नाव काढून घे."

"आणि संघाबाहेर बसू? इतकी वर्षं कशासाठी घाम गाळला मग?" ती म्हणाली. पुढे तिने विचारलं, "मामा, तो चढच आहे असं तुमच्या समितीचं अगदी नक्की ठरलंय ना?"

"नक्की."

"मग ठीक आहे."

शर्यतीच्या दिवशी मामा लाल झेंडा घेऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तशी परवानगी कोणी दिली नव्हती आणि झेंड्याने काय थांबणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. रस्ता प्रेक्षकांनी फुललेला. जो तो फोन उंच धरून वळणाकडे डोळे लावून बसला होता. वरच्या वळणावर रंगीत टोप्या दिसल्या आणि मामांनी डोळे मिटले.

बराच वेळ काहीच झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. सगळ्या जणी शेजारी शेजारी, ब्रेक करकचून आवळून, मुंगीच्या पावलांनी खाली येत होत्या. कोणी पॅडलवर उभी राहून धापा टाकत होती, कोणी कपाळ पुसत होती. एकीने तर उतरून सायकल हाताने ढकलायला घेतली होती. सर्वांत पुढे भाची, वाकून, कण्हत. मामांसमोरून जाताना ती म्हणाली, "मामा, चढ फार आहे रे!"

मामांच्या जिवात जीव आला आणि ते तिथेच हमसून हमसून रडले.

सायकलींचा वेग अत्यल्प राहिल्यामुळे अहवाल तंतोतंत खरा ठरला. समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला आणि चोर सोडून संन्याशाला फाशी या न्यायाने, शर्यत रेंगाळवल्याबद्दल सगळ्या सायकलपटूंना दंड ठोठावला. मामांना त्याचंही काही वाटलं नाही. पोरीची हाडं जागच्या जागी होती आणि ताईने आपणहून जेवायला बोलावलं होतं.

पण अध्यक्षांचा चेहरा उतरलेला होता. "मामा, प्रेक्षकांच्या ढीगभर तक्रारी आल्यात."

"भिंतीबद्दल?"

"भिंतीबद्दलच. वाया गेली म्हणून." अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "तुमची दुरुस्ती मान्य झाली हो. पुढच्या वर्षीपासून उतार हा उतारच. कोणी पुन्हा चढ म्हणून हळू येणार नाही. भिंतीसमोर बाकंही टाकतोय."

मामा संतापले. "कोण आहेत हे लोक? माणसं आहेत की कसाई?"

"छे हो, चांगली माणसं आहेत. घरी लेकीबाळी आहेत त्यांच्या. कोणाचं वाईट व्हावं असं एकही म्हणत नाही. फक्त पुढे काय होतंय ते बघत बसतात."

यावर मामांनी काय म्हणावं? तुम्हाला सुचतंय का बघा. भिंतीचं नाव निघाल्यापासून तुम्हीही जागचे हलला नव्हता. आणि भाची सुखरूप निघून गेली तेव्हा बरं तर वाटलंच, पण अगदी खरं सांगा, थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं की नाही?