गाळलेले दोन शब्द

डॉ. रालित्साचा पहिला शोधनिबंध छापून आला आणि बल्गेरियातलं ते डोंगरातलं गाव एका दिवसात बहिरं ठरलं.

'गावातल्या दवाखान्यात आलेल्या दहा जणांपैकी चौघांना एका कानाने कमी ऐकू येतं,' एवढंच तिला म्हणायचं होतं. पण सारांश शब्दमर्यादेत बसेना, म्हणून तिने 'दवाखान्यात आलेल्या' हे दोन शब्द काढून टाकले. उरलेलं वाक्य स्थानिक वर्तमानपत्राने जसंच्या तसं उचललं.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली प्रत्येक गिऱ्हाइकाशी ओरडून बोलू लागली. तीच बहिरी असावी असं समजून गिऱ्हाइकं तिच्या वरताण ओरडू लागली. इथवर ठीक होतं. पण जिल्ह्याच्या गायन महोत्सवाने, 'यंदा गावच्या गायकवृंदाने दगदग करू नये,' असं मोठ्या सहानुभूतीने कळवलं, तेव्हा वृंदाचे मास्तर ग्रोझ्दान दवाखान्यात येऊन थडकले.

"डॉक्टरीणबाई, माझ्या माणसांची पार अब्रू घालवलीत."

रालित्साने चूक कबूल केली. दुरुस्ती छापायला वेळ लागेल, तोवर सगळ्यांचे कान तपासून तसं लिहून देते, म्हणाली.

वृंदातल्या एकूण एक गायकाचे कान ठणठणीत निघाले. मास्तर विजयी मुद्रेने स्वतः यंत्रासमोर बसले. डावा कान उत्तम होता. तिने उजव्यात आवाज सोडला. मग वाढवला. आणखी वाढवला.

"करा की सुरू," मास्तर म्हणाले.

"केव्हाच केलंय, मास्तर."

तपासून झालेले सगळे गायक भोवतीच उभे होते. खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायका मास्तरांच्या उजव्या हाताला उभ्या राहत. 'आवाज कुठे गेला तुमचा?' म्हणून गेली कित्येक वर्षं ते त्यांनाच झापत आले होते. त्यांतल्या म्हाताऱ्या राद्काने डोळ्यांना रुमाल लावला.

"आम्हाला वाटायचं, आमचेच गळे गेले. देव तुझं भलं करो, पोरी."

शिव्यांची तयारी ठेवलेल्या रालित्साच्या टेबलावर दुसऱ्या सकाळी चीज भरलेल्या गरम बानित्सांची चळत लागली. तिलाच भरून आलं.

महोत्सवाचं बोलावणंही परत आलं. कानात नवं यंत्र घालून मास्तरांनी पहिली तालीम घेतली, तीही रालित्साला मुद्दाम पुढे बसवून. गाणं सुरू झालं, उजवी बाजू उसळली आणि मास्तरांचे हात हवेतच थांबले. त्यांचे डोळे पाणावले होते. सगळ्यांदेखत त्यांनी टोपी काढून डॉक्टरीणबाईंचे आभार मानले.

मग ते उजवीकडे वळले आणि फार मायेने म्हणाले, "बायांनो, आता जरा हळू."