क्वार्टरची पहिली अट

"क्वार्टर लेकुरवाळ्यांनाच मिळतं. पोरं असतील तर घरी येऊन बघीन, नसतील तर माझा वेळ खाऊ नकोस," काकासाहेब म्हणाले.

"हायेत साहेब," गोरक्षनाथ बोलून गेला, आणि बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

साखर कारखान्याच्या वसाहतीतली घरं वाटणं हे काकासाहेबांचं काम. त्यांच्या बंगल्यात ते, त्यांची बायको आणि एक अल्सेशियन कुत्रा राहत. कुत्र्याला वेगळी खोली होती. कामगारानं मात्र आधी पोर दाखवावं आणि मग छप्पर मागावं, असा नियम त्यांनी स्वतःच्या हुशारीनं केला होता.

गोरक्षनाथ वजनकाट्यावर कारकून. कोपरगावात त्याची एकच खोली, आणि तीत आई, वडील, धाकटा भाऊ मच्छिंद्र आणि हे दोघं नवरा-बायको. आई कडूबाई रात्री बरोब्बर मधोमध अंथरूण टाकायची, कारण तिथं वारा लागायचा. दुसरी खोली घ्यावी तर कारखाना आल्यापासून भाडी अशी चढलेली, की कारकुनानं नुसती चौकशी करून परत यावं. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. कडूबाईनं सुनेला देवाला नेलं, वैद्याला दाखवलं, दंडाला दोरा बांधला. एक अंथरूण तेवढं हलवलं नाही.

"किती पोरं सांगितली?" मुक्तानं नवऱ्याला विचारलं.

"हायेत म्हनालो. किती ते न्हाई सांगितलं."

"मग संगमनेरातनं छबू वन्संचं एक आना. साहेब बघून गेले की धाडू माघारी."

"खोटं दाखवायचं?"

"मग खरं सांगा जाऊन. सांगाल?"

गोरक्षनाथ संगमनेरच्या एस.टी.त बसला.

पण मामा न्यायला आलाय म्हटल्यावर छबूबाईच्या तिन्ही पोरांनी चपला घातल्या. "एकालाच न्हेतो," गोरक्षनाथ चाचरत म्हणाला.

"दोघांना रडवत ठिवून? असला कसला रं मामा तू?" छबूबाईनं तिघांनाही त्याच्या गळ्यात घातलं.

काकासाहेब पाहणीला आले. खोलीत ओळीनं बसलेली तीन पोरं बघून त्यांचा चेहरा उजळला.

"वा. आता बास झालं. सोमवारी कुटुंबनियोजनाचं शिबिर आहे. इतकी माणसं देतो म्हणून मी वरती शब्द देऊन बसलोय, आणि एक कमी पडत होतं. आधी ऑपरेशन, मग चावी. मी स्वतः जीप घेऊन येतो."

पोरं उसनी आहेत म्हणावं तर नोकरी जायची. "बरं साहेब," गोरक्षनाथ म्हणाला. ज्यांच्या खोट्या नियमानं घर अडलं, त्यांच्याच खऱ्या उत्साहानं आता वंश बुडणार होता.

जीप वळताच कडूबाईनं तोंड सोडलं. "माज्या पोराला कापत्यात व्हय? आन मला नातू कुठला मग?"

मुक्ता वांगी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, नातवाला यायला वाट तर पायजे. वाटंत तुमी निजता."

म्हातारा छपराकडं बघत बसला. जे देवाला आणि वैद्याला सुचलं नव्हतं, ते शिबिराच्या धाकानं कडूबाईच्या डोक्यात शिरलं.

रविवारी सकाळी तिनं गाठोडं बांधलं. "पोरांना पोचवतो, आन म्हाताऱ्याला घिऊन म्हैनाभर लेकीकडंच ऱ्हातो. मच्छिंद्रा, ऊठ. तुजं हितं काय काम हाय?"

सोमवारी जीप आली. दार आतून बंद होतं. काकासाहेबांनी कडी वाजवली.

"गोरक्षनाथ, चल. डॉक्टर खोळंबलेत."

आत बांगड्या वाजल्या, आणि थांबल्या. जन्मभर ‘बरं साहेब’च्या पुढं न गेलेल्या गोरक्षनाथाला बंद दाराआडून बोलणं भलतंच सोपं वाटलं.

"साहेब, ती पोरं भैनीची हुती. गेली माघारी."

"म्हणजे तुला पोर नाहीच?"

"न्हाई. तुमची पैली अट पुरी करायच्याच मागं हाय. मदी हाका मारू नका."