कारखान्याचा पहिला माल

बाळाच्या खोलीत यंत्र होतं की यंत्राच्या खोलीत बाळ, यावर घरात एकमत नव्हतं. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून संध्याकाळी लाकूड कोरणारं यंत्र जोडत बसणाऱ्या बापाला घरात ‘कारखानदार’ म्हणत. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मग तीन मोटरी कोरणीला हवं तसं फिरवतात आणि फळीवर तेच चित्र उमटतं, असं तो सांगे. वर्षभर सांगतच होता.

एका सोमवारी बाळाला कडेवर घेऊन खिडकी लावताना बायकोचं कोपर एका मोटरीला टेकलं आणि चटका बसून ती किंचाळली. बाळ खुदकन हसलं. त्याला वाटलं, आई खेळतेय.

“उद्या हे रांगायला लागेल. हात लागला तर?”

“थोडी तापतेच गं मोटर. फिरत नसली तरी वीज खात जागा धरून बसते ना.”

“मग गच्चीत जाऊन धरू दे जागा. रविवारपर्यंत गार झाली नाही, तर बाहेर.”

गच्चीतल्या पावसाळी ओलीत यंत्राचं भंगार व्हायला फार वेळ लागला नसता. कारखानदार कामाला लागला.

यंत्र बंद केलं की कोरणी कुठवर आली होती ते विसरतं, म्हणून ते दिवसभर चालूच असे. त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. आधी त्याने सगळीकडे तेल घातलं. ऑफिसातून आला तर मोटरी गरमच. मग शेजारी छोटा पंखा लावला. संध्याकाळी चटका बसला. मग उष्णता बाहेर पडावी म्हणून मोटरींवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्या बसवल्या. त्या संध्याकाळी त्याने मोटरीला लावलेलं बोट थेट तोंडात घातलं.

“जितकी सेवा करावी, तितकी डोक्यावर चढतेय!”

“लाडावलीय,” त्याची आई बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

शेवटी शनिवारी त्याने एक बारीकसा स्क्रू पिळून मोटरींना मिळणारी वीजच कमी केली. मोटरी गार पडल्या. अशक्तही झाल्या. लाकूड जरा कडक लागलं की बिचाऱ्या मुकाट्याने पाऊल चुकवत. हत्ती कोरायला घेतला, तर त्याची सोंड शेपटीजवळ उगवली. पण अट गार होण्याची होती, हत्तीची नव्हती.

रविवारी सकाळी त्याने दोघींना बोलावलं. बायकोने मोटरीवर तळहात ठेवला आणि मान डोलावली. मग आईने ताप बघावा तसा हात टेकवला.

“अरे, हे तर गार पडलं!” तिच्या आवाजात आनंद नव्हता. “आता मोजे कशावर वाळवू?”

“कसले मोजे?”

“बाळाचे. आठवडाभर ऊन आहे का कुठे? तू गेलास की घालते यावर, यायच्या आत काढते. त्या पात्या बसवल्यास ना, फार सोय झाली बघ. एकेका फटीत एकेक मोजा बसतो.”

“आणि पंखा?”

“मोजे उडायचे. बंद करायचे मी.”

“अगं आई, पांघरूण घातल्यावर ती तापणारच ना! मी हात लावू नका म्हटलं होतं!”

“नाहीच लावला. मोजे लावले.”

बायको मात्र वेगळ्याच विचारात होती. “म्हणजे ते उबदार मोजे... मला वाटायचं, आई, तुम्ही इस्त्री फिरवता.” तिने मोरीतल्या ओल्या कपड्यांनी भरलेल्या बादलीकडे पाहिलं, मग गार यंत्राकडे. “मग आता हे खोलीत ठेवायचं तरी कशाला?”

“तूच म्हणालीस ना गार कर म्हणून!”

“तेव्हा मला माहीत होतं का?”

खटला जिंकूनही कारखानदाराच्या हातून खोली जात होती. त्याने स्क्रू उलटा पिळून पूर्वीच्या जागी आणला आणि कॉम्प्युटरपुढे बसला. दुपारपर्यंत यंत्राने एक लाकडी जाळी कोरून दिली, कुठेही न चुकता. चार पाय लावून त्याने ती मोटरींवर उभी केली. खालून वारा खेळत होता, वरून ऊब येत होती. बायकोने जाळीच्या भोकात स्वतःची करंगळी घालून पाहिली, मग बाळाची. दोन्ही मोटरीपर्यंत पोचल्या नाहीत. तिने बादली आत आणून निकाल दिला.

वर्षभरात यंत्राने धड पूर्ण केलेली ही पहिलीच वस्तू. बाळाच्या मोज्यांची रांग तिच्यावर चढली. कारखानदार कौतुकाची वाट बघत दारात उभा राहिला.

“छान झालीय,” आई म्हणाली. “पण दुपट्याला पुरत नाही रे. आणखी दोन मोटरी बसव.”