रंधामहाराज पुन्हा गादीवर बसले त्याची बखर

श्रीविश्वकर्म्याचे पायी मस्तक ठेवून, शके १९४१, विकारी नाम संवत्सरी, आश्विन मासी जे घडले ते लिहितो. कोणी एका राज्यी पांचाळांचे कारखान्यात रंधामहाराज म्हणून लोखंडी यंत्र होते. खरबरीत सागाची फळी मुखी घालावी आणि बाहेर येता तीवरून हात घसरावा, ऐसा प्रताप. थोरले धनी केसोबा यांनी दुरुस्तीस यंत्र खोलिले आणि जोडण्याआधीच कैलासवासी जाहले, तेव्हापासून महाराज गंज पांघरून निजले. मग पुत्र मुरारराव, ज्यांस खिळाही सरळ ठोकता येत नसे, ते बोलिले, "दसऱ्याला भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. जाऊ दे ती अडगळ." त्यांच्या भगिनी अनसूयाबाई कडाडल्या, "आणि टेम्पो यायच्या आत फिरलं तर?" "तर ठेव." ऐसा तह जाहला.

धन्य त्या बाई! पदर खोचून, रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन गंजावर चालून गेल्या, आणि जुन्या बाजारातून बेअरिंग पैदा केले, आणि पात्यांस धार लाविली, आणि नवा पट्टा चढविला. परंतु फळी आत ओढणारे दातेरी चाक मिळेना. भंगाराचे ढीग उपसले, तैसे चाक कोठेच नाही. बाई रडकुंडीस आल्या. मग खंडेनवमी आली. केसोबांच्या भगिनी गोदाआत्या देवघरातील शेंदरी गोल देवास न्हाऊ घालू लागल्या, तो शेंदराची खोळ गळून पडली. आत्या किंचाळल्या, "अगं बाई, माझ्या देवाला दात फुटले!" अनसूयाबाई धावत येऊन पाहतात, तो चाक! केसोबांनी शेवटल्या खंडेनवमीस ते हत्यारांसंगे पूजेत मांडिले होते, आणि त्यांचे मागे आत्यांनी भावाने स्थापिलेला देव जाणून वर्षानुवर्षे शेंदूर चढविला. आत्यांनी देव उराशी धरिला. "माझा देव मशीनला जुंपतेस होय गं?" अनसूयाबाईंचे डोळे भरले. "आत्या, आबांनी तो कामासाठीच आणला होता." आत्यांनी मिठी सैल केली. मग पदराने चाक पुसून म्हणाल्या, "आज हत्यारांना विसावा. उद्या ने."

दसऱ्यास टेम्पो वळणावर दिसला, आणि चाक बसले, आणि बटण दाबिले, आणि महाराज गर्जले, आणि फळी सरसर आत गेली. मुरारराव स्वतः रस्त्यावर जाऊन बोलिले, "परत जा बाबा, हे आमचं आहे." आत्यांनी पहिल्या ढलप्या ओंजळीत घेतल्या, देवघरातील रिकाम्या जागी ठेविल्या आणि त्यांवर कुंकू वाहिले.

तात्पर्य, अनसूयाबाईंची जिद्द थोर, आणि आत्यांनी दिले ते त्याहून थोर. इतके लिहून लेखणी खाली ठेवितो.